जोडली खरी, तपासली कोणी?

टेक्सासमधल्या आमच्या एका स्नेह्यांच्या मुलानं जेवणाच्या टेबलावर एआर-15 रायफल जोडली. संध्याकाळी बसला, व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे गेला आणि झोपायच्या आत काम संपवलं. वडिलांनी मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'व्हिडिओवरून हात बसत नाही म्हणता ना, मग हे बघा.' व्हिडिओ बघून हात बसत नाही, असं मी गॅस रेग्युलेटरवरच्या एका लेखात लिहिलं होतं; त्याला हे त्यांचं उत्तर. ते मला पटलेलं नाही.

कायद्याचं आधी उरकतो. मुलानं काहीही गैर केलेलं नाही. अमेरिकी कायद्याच्या लेखी एआर-15 म्हणजे तिचा एकच भाग, चाप ज्यात बसतो तो खालचा रिसीव्हर. तो दुकानदार चौकशी करूनच देतो. नळी, बोल्ट, दस्ता टपालानं घरी येतात. आपल्याकडे परवान्याशिवाय हेच केलं तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली तो गुन्हा आहे.

माझा आक्षेप निराळा आहे. रायफल जोडली गेली याचं श्रेय व्हिडिओला देणं चूक आहे. ते यूजीन स्टोनरचं. आर्मालाइट कंपनीत 1950 च्या दशकात त्यानं या रायफलीची रचनाच अशी केली की सुटे भाग बदलता यावेत आणि दोन अर्धे वेगळे करता यावेत. भाग एकमेकांत बसतात ते कारखान्यातल्या यंत्रांनी ते मापात कापले म्हणून. मुलानं ते जागच्या जागी लावले. त्यात काही वाईट नाही, पण त्याला बंदूककाम म्हणू नये.

बंदूककामात काय येतं हे बघायचं तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जावं. तिथलं प्रूफ हाउस 1813 पासून उभं आहे. त्याआधी लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली होती आणि बेल्जियममधल्या लीज शहरात 1672 पासून नळ्या तपासल्या जात होत्या. पद्धत साधी आणि कठोर आहे. कारागीर आपली बंदूक तिथे घेऊन येतो. तिच्यात मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालून ते उडवतात. मग नळी फुगली का, तडा गेला का, मापं हलली का, हे पाहतात. टिकली तर ठसा मारतात. ठसा नसलेली बंदूक विकणं ब्रिटनमध्ये 1868 च्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललं त्या कारागिरांनाही ही परीक्षा चुकली नाही, आणि ती घेणारा माणूस ती बंदूक बनवणारा नव्हता. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आता ते टेबल आठवा. फोटोत पाना आहे, पंच आहे, हातोडी आहे. गेज नाही. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसासाठी नेमकी किती जागा उरते, हे गेजशिवाय कळत नाही. ती जास्त असली तर पितळेची केस फाटू शकते, आणि आतला दाब असतो चौरस इंचाला सुमारे 55,000 पौंड. मोटारीच्या टायरमध्ये तो तिशीच्या आसपास असतो. त्यात याच साच्यात .300 ब्लॅकआउट हे दुसरं काडतूस चालतं. मॅगझिन तेच, बोल्ट तोच, फरक नळीचा. ते चुकून एआर-15 च्या नेहमीच्या 5.56 च्या नळीत उडवलं की जाड गोळी अरुंद नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. असे अपघात तिथे झालेले आहेत.

अमेरिकेत प्रूफची सक्ती नाही. बंदूक उद्योगाची 1926 पासूनची संघटना मापदंड ठरवते, पण ते ऐच्छिक आहेत. ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेचा 1972 चा कायदा आला तेव्हा बंदुका त्यातून वगळल्या. त्यामुळे सदोष खेळणं परत मागवू शकणाऱ्या आयोगाला सदोष रायफलीला हात लावता येत नाही. घरी बंदूक बनवण्याच्या किटवरचा मोठा खटला 26 मार्च 2025 ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. न्यायमूर्ती गोरसच यांनी 7 विरुद्ध 2 असा निकाल लिहिला आणि किटवर नियंत्रण ठेवणारा 2022 चा नियम टिकला. मला तो निकाल योग्य वाटतो. पण सगळा वाद सीरियल नंबर आणि ग्राहकाच्या चौकशीचा, म्हणजे बंदूक कोणाच्या हाती जाते याचा होता. ती नीट बनली आहे का, हा प्रश्न तिथे नव्हताच. यूट्यूबनं 2018 मध्ये बंदूक बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंवर बंदी घातली, तिथेही हा प्रश्न नाही.

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांचा 2018 चा अभ्यास इथे आठवतो. भांडी न पाडता टेबलावरचा कपडा ओढणं, मूनवॉक, डार्ट फेकणं अशा करामतींचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले. पुन्हा पुन्हा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, हात मात्र सुधारला नाही. व्हिडिओ उलटून तपासत नाही, 'हे परत कर' म्हणत नाही.

आणि म्हणून मी आयटीआयवर, म्हणजे आपल्याकडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांवर येतो. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. पोरगं कानस घासतं, निदेशक माप लावतो, जॉब नापास करतो, पोरगं पुन्हा घासतं. माझ्याकडे आकडे नाहीत, पण ज्याचा जॉब असा वारंवार परत आला आहे तो न मोजलेल्या नळीत गोळी भरणार नाही, याबद्दल मला शंका नाही. त्याच संस्थांना आपण नापासांची सोय समजतो, याचा मला संताप येतो.

मुलाला मी कळवलं आहे: एकही गोळी उडवण्याआधी रायफल जवळच्या गनस्मिथकडे ने आणि बोल्टपुढची जागा त्याच्यासमोर मोजून घे. वडिलांनी विचारलं, याचे किती पैसे पडतील. नळीला मोजलेत त्यापेक्षा खूप कमी.