कळा आल्या होत्या का?

आमच्या सिन्नरकडे बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागू देत नाहीत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडके, उशाशी कोणी ना कोणी बसलेले. पण जिचे पोट पडले, ती तिसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलते. तीही बाळंतीणच आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे, आणि ते स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे.

१९९३ साली माझा पहिला गर्भ अडीच महिन्यांत गेला. १९९५ साली दुसरा, पाचव्या महिन्यात. पहिल्या वेळी ‘होतं असं’ म्हणून सर्वांनी सोडून दिले. दुसऱ्या वेळी माझ्यावर बोट ठेवले गेले. पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, उंबऱ्यावर बसली! सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण शेजारच्या डोहाळजेवणाला त्यांनी मला नेले नाही. ज्या दवाखान्यात पिशवी साफ केली, तिथे ‘पुढच्या वेळी जपा’ एवढेच सांगितले. काय जपायचे, ते कोणी सांगितले नाही. यजमान गप्प असत. त्यांनाही रडू येत होते, हे मला फार पुढे कळले.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नाशिकच्या एका डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, “पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा कळा आल्या होत्या का?”

“नाही. ओटीपोटात जड वाटलं, पाणी गेलं आणि सगळं संपलं.”

हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. काही स्त्रियांत गर्भाशयाचे तोंड कळांशिवायच वेळेआधी उघडते. त्यावर इलाज आहे. बाईंनी चौदाव्या आठवड्यात तिथे टाका घातला. दोष पपईचाही नव्हता आणि माझाही नव्हता.

वाचकहो, लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी दहा ते पंधरा गर्भपाताने संपतात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. अशा लवकर गेलेल्या गर्भांपैकी निदान निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणी मुळातच चुकलेली असते. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. एकदा असे झालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे सुखरूप मूल होते. मात्र लागोपाठ दोनदा झाले, किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यात झाले, तर तपासणी करून घ्यावीच. थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्याशी संबंधित काही चाचण्या आणि गरज पडल्यास नवरा-बायको दोघांची गुणसूत्रे तपासतात. दोघांची, केवळ बायकोची नव्हे.

गर्भपात ही किरकोळ बाब नाही. बेळगावच्या दंतवैद्य डॉ. सविता हलप्पनवार २०१२ साली आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यातील गर्भपाताच्या वेळी जंतुसंसर्गाने दगावल्या. पाणी गेले, ताप-थंडी आली, दुर्गंधी येऊ लागली किंवा रक्तस्राव थांबेना, तर घरी वाट पाहत बसू नये.

आता माझ्या बाळंतपणाचे सांगते. ऑगस्ट १९९८. सदतिसाव्या आठवड्यात सकाळी नाशिकला टाका काढला. अजून आठ-पंधरा दिवस जातील, पुढच्या आठवड्यात नाशिकला माहेरी येऊन राहू, असा हिशेब करून आम्ही सिन्नरला परतलो. रात्री दहाला पाणी गेले आणि कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात जायला हवे होते, पण नाव नाशिकला घातलेले, म्हणून शेजाऱ्यांची जीप काढली. ती आमची चूक. भर पावसात मोहदरी घाट उतरता उतरता, जीपच्या मागच्या बाकावर मुलगी झाली.

सासूबाईंनी तिला हातांवर झेलले. नाळ ओढली नाही, कापली नाही. लुगड्याच्या पदराने अंग पुसले, पाठ चोळली. पोरगी रडली तशी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून घोंगडी घातली. म्हणाल्या, “आता कोणाला काही बोलू द्यायची नाही मी.” वार दवाखान्यात पोचल्यावर पडली.

पुढे वाचनात आले, तेव्हा कळले की सासूबाईंनी केले ते अगदी योग्यच होते. वाटेत बाळंतपण झालेच, तर बाळ कोरडे करावे, आईच्या अंगाशी धरून झाकावे, नाळ ओढू नये, आंघोळ घालू नये, छातीला लावावे आणि लगेच दवाखाना गाठावा. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तो क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ हवा. टाका काढल्यावर कळा त्याच दिवशीही येऊ शकतात, हे घर दूर असणाऱ्यांनी आधीच विचारून ठेवावे.

आणखी एक. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या किती मुलींना हे ठाऊक आहे? घरी विड्या वळणाऱ्या आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला तर रजा कोण देणार? तिला ती घरच्यांनीच द्यायला हवी.

तेव्हा शेजारी कोणाचे पोट पडले, तर ‘दुसरं होईल’ म्हणून मोकळे होऊ नका. डबा घेऊन जा. तिला बोलू द्या, रडू द्या. डोहाळजेवणाला बोलवा, यायचे की नाही ते तिला ठरवू द्या. आणि निदान महिनाभर तिचा हंडा दुसऱ्या कोणीतरी उचला.