पेटी दोन फुटांची, मासा चार फुटांचा

दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी ठेवण्याची हौस आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही. पणजी, मडगाव, म्हापसा येथील सदनिकांतच नव्हे, तर डॉक्टरांच्या दवाखान्यांत आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांतही ती दिसू लागली आहे. या हौसेला नावे ठेवण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. सोमवार वगळता ज्या समाजाला मासळीवाचून घास उतरत नाही, त्याने काचेपलीकडच्या माशाला नाव ठेवावे आणि तो आजारी पडला तर हळहळावे, यात विनोद असला तरी दोष नाही. परंतु या पेट्यांत सोडल्या जाणाऱ्या एका कुळाविषयी विक्रेते जे सांगत नाहीत, ते सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण त्या मौनाची किंमत अखेर घराबाहेर, ओहोळांत आणि तळ्यांत मोजावी लागण्याची चिन्हे आहेत.

हे कुळ मिशाळ माशांचे. आपल्या बाजारात येणारा शिंगाळा, गोव्याच्या भाषेत सांगट, हा त्याच गोतावळ्यातला. शोभेच्या माशांच्या दुकानांत त्याचे परदेशी भाऊबंद दोन-तीन इंचांच्या पिल्लांच्या रूपाने विकले जातात. सर्वांत खपणारा तो ‘सकर’. काचेवरचे शेवाळ खाऊन पेटी साफ ठेवतो, अशी त्याची कीर्ती. दक्षिण अमेरिकेतील हा मासा फूटभर तर सहज होतो आणि पुष्कळदा दीड फुटाच्या घरात जातो. नेहमीच्या पेटीची रुंदी एक फूट असते. म्हणजे पूर्ण वाढलेल्या सकरला तीत धड वळताही येत नाही. शिवाय मोठा झाला की तो शेवाळ खातो थोडे आणि घाण करतो फार, त्यामुळे ज्या कामासाठी आणला त्याच्या उलटच घडते. त्याला निदान सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी हवी. तीत सुमारे ६८० लीटर पाणी मावते आणि काच व रेती धरून तिचे वजन पाऊण टनाच्या वर जाते. असा मासा दहा-पंधरा वर्षे जगतो, हेही गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

दुसरा ‘शार्क’ या नावाने विकला जातो. तो शार्क नव्हे. मेकाँग नदीतला हा मिशाळ मासा चार फुटांपर्यंत वाढतो आणि त्याचे वजन चाळीस किलोंवर गेल्याची नोंद आहे. हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ज्याचे पांढरे तुकडे वाढले जातात, तो बहुधा हाच. आंध्रातील शेततळ्यांत आठ-दहा महिन्यांत किलोभर भरतो म्हणून ज्याची शेती केली जाते, तोच जीव ५६ लीटरच्या पेटीत शोभेसाठी ठेवावा, याहून विसंगत ते काय असेल? हा मासा थव्याने राहणारा आणि भित्रा आहे. खोलीत दिवा लागला की दचकून काचेवर आपटतो. घरातली कोणतीही पेटी त्याला पुरेशी नाही, असे म्हणावे लागते.

आणि तिसरा ‘रेडटेल’, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. काळी पाठ, पांढरे पोट, तांबडी शेपटी; पिल्लू इतके देखणे की मोह व्हावा. तोंडात मावेल तो सोबती मासा गिळत तो पहिल्या वर्षातच फुटापुढे जातो आणि पुढे तीन-चार फूट लांब होतो. ब्राझीलमध्ये २०१० साली गळाला लागलेल्या एका रेडटेलचे वजन ५६ किलो भरले होते. त्याला वळून पोहता यावे म्हणून पंधरा फूट लांब, सहा फूट रुंद आणि चार फूट खोल टाकी बांधली, तरी ती फार प्रशस्त म्हणता येणार नाही. तिच्यात दहा हजार लीटर, म्हणजे दहा टन पाणी. निवासी सदनिकेचा स्लॅब साधारणतः दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून आखलेला असतो. ही टाकी त्यावर दर चौरस मीटरला बाराशे किलोंचा भार घालील. म्हणजे एक मासा हौसेने पाळायचा तर आधी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यायला हवा! परदेशांतील सार्वजनिक मत्स्यालयांनाही असे वाढलेले रेडटेल ‘देणगी’ म्हणून देऊ करणाऱ्यांना परत पाठवावे लागते.

यावर दुकानदाराचे एक ठरावीक उत्तर असते: मासा पेटीएवढाच वाढतो. हे उत्तर खोटे आहे. थोड्या पाण्यात विष्ठेचे विषारी अंश साचतात आणि वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, मासा अकाली मरतो. कुंडीतल्या वडाची उपमा येथे लागू पडत नाही. वडाची छाटणी कोणीतरी करत असतो, माशाला फक्त कोंडलेले असते.

पण सगळेच मरत नाहीत, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो. मासा पेटीत मावेनासा झाला, त्याला मारणे जिवावर येते, दुकानदार परत घेत नाही. मग एखाद्या संध्याकाळी तो बादलीत घालून जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडला जातो आणि जीव वाचवल्याचे समाधान घेऊन गृहस्थ घरी परततो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत गप्पी मासे सोडण्याची आपल्याकडे सवय असल्याने पाण्यात मासा सोडणे हे लोकांना सत्कृत्यच वाटते. या कनवाळूपणाला दोष देताना लेखणी अडखळते. पण परिणाम पाहता तो द्यावाच लागतो.

परिणाम दूरचे नाहीत. केरळात २०१८ च्या महापुरानंतर पाळलेले आरापैमासारखे परदेशी मासे नदीत सापडले. सकर तर केरळापासून आंध्र-तेलंगणापर्यंत अनेक जलाशयांत पसरला आहे. वाराणसीजवळ गंगेत तो २०२० मध्ये मिळाला. कमी प्राणवायूच्या पाण्यात तो वरची हवा गिळून तगतो. अंगावरच्या काटेरी कवचामुळे जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. याहून आम्हांला चिंता वाटते ती त्याच्या एका सवयीची: अंडी घालण्यासाठी नर मासा काठाच्या मातीत बिळे कोरतो. ज्या प्रदेशाची तळी आणि पाट मातीच्या बांधांवर उभे आहेत, तेथे या सवयीचा अर्थ वेगळा सांगायला नको. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळांतून शेतांत शिरतात, अंडी घालतात. ती वाट परक्या माशांनाही मोकळीच आहे.

शासनाने या बाबतीत केवळ बंदीवर विसंबू नये, असे आमचे मत आहे. आफ्रिकन मागूरवर केंद्राने २००० साली बंदी घातली. तरीही २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्राला त्याचे साठे नष्ट करण्याची मोहीम काढावी लागली. मासा एकदा पसरला की कागद त्याला परत आणू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणूक यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. रेडटेल आणि ‘शार्क’ यांची शोभेसाठी विक्री थांबवण्यास तो वापरावा. दुसरीकडे २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या पैदाशीला अर्थसाह्य आहे. ते योग्यच आहे. पण जे खाते या व्यवसायाला हात देते, त्या मत्स्योद्योग खात्याला एक साधी अट घालता येईल: दुकानातील प्रत्येक टाकीवर माशाची पूर्ण वाढ किती, आयुष्य किती आणि पेटी किती लीटरची हवी, हे मराठीत व कोकणीत लिहिलेले असावे, आणि वाढलेला मासा परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची असावी. त्याने व्यवसाय बुडेल हे आम्हांला पटत नाही. अडीच इंचांपुढे न जाणारा कोरीडोरस अडीच फुटांच्या पेटीत सहा-आठांच्या थव्याने सुखाने राहतो, आणि शेवाळच खायला हवे असेल तर पाच इंचांवर थांबणारा अँसिस्ट्रस आहे. दोघेही मिशाळच.

ज्यांच्या घरी एखादा ‘सकर’ आधीच हातभर वाढून बसला आहे, त्यांनी तो मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा किंवा खात्याला विचारावे. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहू लागले म्हणजे बादली उचलण्याचा मोह होतो. ती बादली त्यांनी घरातच ठेवावी.