चांगला राजा कीं चांगली घटना?

“राज्यकर्ता कर्तबगार मिळाला म्हणजे झालें, घटनेचें अवडंबर हवें कशाला?” असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतो. आम्हांस हें मत घातक वाटतें.

१७७३ त नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथा आपण मुलांस अभिमानानें सांगतों. पुढची सांगत नाहीं. अपराधीच सत्ताधीश, निकाल अमलांत आणणार कोण? शास्त्रीबोवा पुणें सोडून गेले, आणि राघोबांस दूर सारण्यास बारभाईंचें कारस्थान लागलें.

घटनात्मक राज्यांत अन्याय होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आणीबाणींत, १९७६ सालीं, स्थानबद्धांस सुटकेसाठीं दाद मागतां येणार नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानेंच दिला. पांचांपैकीं एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनीं विरुद्ध मत दिलें. १९७७ त त्यांस डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश केलें गेलें. पण त्याच वर्षीं मतदारांनीं सरकार बदललें. जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणींतही बंद करतां येऊं नये, अशी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें केली. आणि २०१७ त न्यायालयानें आपला जुना निकाल स्वतःच रद्दबातल ठरविला.

धैर्य दोघांचेंही सारखेंच. भेद इतकाच कीं, तेव्हां चूक सुधारण्याचा मार्ग कटाचा होता. आतां तो कायद्याचा आहे. राज्यकर्ता सज्जन मिळणें दैवाधीन. दुर्जनास रक्तपातावांचून दूर करणें मात्र घटनेमुळें आपल्या हातीं आहे. तिला अवडंबर म्हणणारांनीं रामशास्त्र्यांचें नांव तरी घेऊं नये.