*नंबर पोर्ट करायची घाई नको*



आज फवारणीचं नाही, वेगळंच लिहितोय. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, तेव्हापासून "नंबर पोर्ट करू का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. मागच्या मीटिंगमध्ये तर आपल्या ऑफिसचा नंबरही स्वस्त प्लॅनवर न्यायचं निघालं. मी नको म्हणालो.

पोर्ट केल्यावर नंबर तोच राहतो, पण नेटवर्क बदलतं. चौकात फुल रेंज दिसली म्हणून विहिरीवर मिळेलच असं नाही. आणि मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचं काय? जुने स्टार्टर २जी वर चालतात, अन् २जी सगळ्या कंपन्यांकडे नाही. स्टार्टरमधलं सिम तसल्या कंपनीत नेलं की घरून कितीही कॉल करा, मोटार गप्प. मग रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन चला विहिरीवर. शे-दीडशे रुपयांसाठी हे मला पटत नाही.

जुना बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी सोबत येत नाही, ती बुडते. पस्तावलात तरी ९० दिवस परत पोर्ट करता येत नाही. म्हणजे जवळपास सोयाबीनचं अख्खं पीक!

ऑफिसच्या नंबरवर व्यापाऱ्यांचे फोन येतात, बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी येतो. जुनं सिम बंद होऊन नवं चालू होईपर्यंत काही तास फोन मुका. खरेदीच्या दिवसांत ते परवडणार नाही.

काही जण म्हणाले, सरळ नवीन नंबरच घेऊ. ते तर त्याहून वाईट. नंबर सेव्ह नसला की ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही, मग तुम्हा सगळ्यांना नवीन नंबर सेव्ह करायला लावा. तुमचंही तेच. हमीभाव केंद्रावर माल कधी आणायचा, तो मेसेज नोंदणीतल्या नंबरवर येतो. आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळू शकतो.

रेंजच नसेल तर पोर्ट करा, माझी ना नाही. पण आधी त्या कंपनीचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून आठ दिवस शेतात फिरा. स्टार्टरमध्येही घालून बघा.

*तुमच्या विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज मिळते, ते गावाच्या नावासह रिप्लाय करा.* पुढच्या मीटिंगला यादी घेऊन जातो.

– आपला कृषी सल्लागार