खुर्चीला संग्रहालय, गाडीला लिलाव

२००७ साली मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेस या सरहद्दीवरच्या शहरात, प्रौढांसाठीच्या पुस्तकांच्या एका दुकानासमोर एक मोडकी गाडी सापडली. तिचे तोंड गायब होते आणि रंग ओळखू येत नव्हता. ती 'ऑर्बिट्रॉन' निघाली. एड रॉथ या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने ती १९६४ मध्ये हाताने घडवली होती. तिच्या तोंडावर एकाच बाजूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे होते, आणि तिघांचा मिळून पांढरा प्रकाश पडावा अशी कल्पना होती. रंगीत दूरचित्रवाणी नवी असलेल्या काळातली ही एका गॅरेजमधली कविकल्पना कित्येक वर्षे उन्हापावसात पडून राहिली, आणि एका शोधकाची नजर गेली म्हणून वाचली.

ही हकीकत मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा सौंदर्यशास्त्र शिकवणारे एक सहकारी म्हणाले, "भंगार ते भंगारच. त्यात जपायचं काय?" हा लेख त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. प्रश्न त्यांचा एकट्याचा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण तो आपल्या सगळ्या कलाविचाराच्या पोटात दडलेला आहे आणि त्याची किंमत प्रत्यक्ष वस्तूंना मोजावी लागते.

प्रथम एक तुलना. चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य लॉस एंजेलिसमध्ये फर्निचर घडवत असे. १९५० साली त्यांची काचतंतू आणि राळ यांपासून बनलेली, एकसंध कवचासारखी खुर्ची बाजारात आली. युद्धकाळात विमानउद्योगासाठी विकसित झालेले हे साहित्य त्यांनी माणसाच्या पाठीला आणि मांडीला जुळवून घेतले. नऊ वर्षांनी, त्याच महानगराच्या परिसरात, एड रॉथने तेच काचतंतू आणि तीच राळ घेऊन 'आउटलॉ' ही गाडी घडवली. त्याची पद्धत शिल्पकाराची होती. आधी प्लास्टरचा आकार घडवायचा. हाताने खरवडत, भर घालत तो मनासारखा करायचा. त्यावर राळेत भिजवलेले काचकापड चढवायचे. आणि ते कडक झाले की आतले प्लास्टर फोडून काढायचे. कारखान्यातून आलेला पत्रा ठोकून वाकवण्याची परंपरा त्याने बाजूला सारली आणि गाडीचा देह शून्यातून उभा केला. १९६१ च्या 'बीटनिक बँडिट'वर त्याने पारदर्शक प्लास्टिकचा घुमट बसवला, आणि चाक, ब्रेक, वेग या साऱ्यांचा ताबा एकाच दांड्यात आणला.

साहित्य एक, गाव एक, दशकही जवळजवळ एक. पुढे काय झाले? १९८८ मध्ये रे ईम्स गेल्या. त्यांच्या कार्यशाळेतली कागदपत्रे आणि छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. खुर्च्यांचे कच्चे नमुने आणि प्रयोगाचे तुकडे व्हित्रा डिझाइन म्युझियमकडे गेले. त्यांचे घर २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले. म्हणजे जपली गेली ती केवळ तयार खुर्ची नव्हे, तर खुर्चीपर्यंत पोचण्याची वाट जपली गेली. उद्या एखाद्या अभ्यासकाला ईम्सचा हात कुठे अडखळला हे पाहायचे असेल, तर पाहता येईल.

रॉथची वाट मात्र पुसली गेली. त्याच्या पद्धतीतच प्लास्टरचा गाभा फुटून जाई, हे एकवेळ सोडा. दोन इंजिने बसवलेली त्याची 'मिस्टेरियन' (१९६३) प्रदर्शनांसाठी गावोगाव फिरताना त्या वजनाने खिळखिळी झाली आणि शेवटी तिचे भाग पांगले. मूळ गाडी आज नाही. पुढे ज्यांनी ती नव्याने बांधली त्यांना छायाचित्रांवर आणि रेव्हेल कंपनीने मुलांसाठी काढलेल्या प्लास्टिकच्या जोडखेळावर विसंबावे लागले. मूर्ती भंगली आणि तिची ओळख खेळण्यावरून पटवावी लागली, असा हा प्रकार. त्या खेळण्यांमागे रॉथला नगाला एक सेंट मिळत असे.

'आउटलॉ' आणि 'बीटनिक बँडिट' संग्रहालयांत आहेत, हे मला ठाऊक आहे. पण कोणत्या? पहिली लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये, दुसरी नेव्हाडातल्या रीनोच्या नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियममध्ये. दोन्ही मोटारींची संग्रहालये आहेत, आणि त्यांचे आपण ऋणी असले पाहिजे. प्रश्न इतरांना आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्येच आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले होते, आणि १९७२ मध्ये इटलीची चिसितालिया ही गाडी आपल्या कायम संग्रहात घेतली. म्हणजे मोटार कलेच्या मंदिरात जाऊ शकते. मात्र तिच्यामागे कंपनी, रेखनकार आणि 'अभिरुची' असावी लागते. नखांत राळ अडकलेला, उंदीरतोंड्या 'रॅट फिंक'चे शर्ट विकून पोट भरणारा माणूस तिथे बसत नाही.

याचे एक आणखी बोलके उदाहरण आहे. १९८१ मध्ये लंडनच्या रॉन अरादने भंगारातल्या रोव्हर गाडीची सीट काढली, पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बसवली आणि तिची खुर्ची केली. ती 'रोव्हर चेअर' आज आधुनिक फर्निचरच्या इतिहासातला टप्पा मानली जाते, आणि योग्यच आहे ते. पण गंमत पाहा. सीट गाडीत असेपर्यंत भंगार होती; गाडीतून बाहेर पडून दिवाणखान्यात आली की कला झाली. त्यात बदलले काय? चामडे तेच, शिवण तीच. बदलला तो भोवतालचा वर्ग.

इथे माझे सहकारी म्हणतील, मुद्दा वर्गाचा नाही, उपयुक्ततेचा आहे. आम्ही मराठीचे लोक मर्ढेकर आणि पाटणकर वाचून वाढलो. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद ही जी दोन टोके दाखवली, त्यांतल्या पहिल्याकडे आपला ओढा अधिक. ज्याचा उपयोग होतो ते शुद्ध सौंदर्यापासून एक पायरी खाली, हे आपण पाठ केले आहे. पण हा निकष लावलाच तर ईम्सची खुर्चीही खाली उतरते. तिच्यावर तर माणसे बसतात! उलट रॉथच्या गाड्या फारशा रस्त्यावर धावल्याच नाहीत. त्या पाहण्यासाठी, चकित होण्यासाठी बांधल्या होत्या. निर्हेतुक हेतुपूर्णता म्हणतात ती याहून वेगळी कोणती? उपयोगाच्या नावाने ज्याला बाहेर ठेवले, तोच उपयोगापासून सर्वांत दूर होता.

उपयुक्ततेच्या या निकषाची कायद्यातली परिणती तर विडंबनासारखी आहे. अमेरिकी कायद्यात उपयोगी वस्तूच्या आकाराला स्वामित्वहक्क सहसा मिळत नाही. उपयोगापासून वेगळा काढता येईल तेवढाच कलांश संरक्षित होतो. गाडी आणि खुर्ची दोन्ही या नियमात सापडतात. पण २०१५ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने 'बॅटमोबील'ला संरक्षण दिले. कशाच्या आधारावर? ती गाडी नसून कॉमिकमधले एक 'पात्र' आहे, या आधारावर. आणि हक्क गेला कॉमिकच्या कंपनीकडे. दूरचित्रवाणी मालिकेसाठी १९६५-६६ मध्ये ती गाडी जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यात घडली. त्यासाठी फोर्डची 'लिंकन फ्यूचुरा' ही प्रायोगिक गाडी त्याने एका डॉलरच्या नाममात्र किमतीत घेतली होती. पत्र्याचे काम त्याने बिल कुशेनबेरी या दुसऱ्या कारागिराकडून करून घेतले. कथेला मालक मिळाला, कारखान्याला नाव मिळाले. हातोडी ज्याच्या हातात होती त्याचे नाव किती जणांना माहीत आहे?

आता जतनाच्या नावाखाली जे चालते त्याकडे वळू. त्याचे तीन प्रकार मला दिसतात, आणि तिन्ही मला अमान्य आहेत.

पहिला, लिलाव. तीच बॅटमोबील जानेवारी २०१३ मध्ये खरेदीदाराच्या शुल्कासह ४६ लाख २० हजार डॉलरना विकली गेली. वर्तमानपत्रांनी आकडा छापला आणि कलेचा गौरव झाला असे सर्वांनी धरले. किंमत म्हणजे मूल्य नव्हे, हे आपण कवितेच्या बाबतीत विद्यार्थ्यांना सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र विसरतो. लिलावातली वस्तू जिवंत राहते ती पुढच्या खरेदीदाराच्या मर्जीवर.

दुसरा प्रकार, नाममुद्रा. केनेथ हॉवर्ड ऊर्फ व्हॉन डच हा ब्रशने गाडीवर बारीक रेघा ओढणारा अफाट हात होता. पत्रा घासताना पडलेले ओरखडे झाकायला अशा रेघा कामी येत; त्याने त्या झाकणाची स्वतंत्र चित्रलिपी केली. १९९२ मध्ये तो वारला. नंतर त्याच्या नावाचे हक्क विकले गेले, आणि नव्या शतकाच्या आरंभी ते नाव नटनट्यांच्या टोप्यांवर झळकले. टोपी घालणाऱ्यांपैकी कितींनी त्याची एक तरी रेघ पाहिली होती? नाव टिकले, हात गेला. याला वारसा म्हणत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत धोक्याचा: चकचकीत पुनरुज्जीवन. प्रेमाने, पैसा ओतून, गाडी अशी नवी करतात की कारागिराला स्वतःला ती ओळखू येऊ नये. राळेचे ओघळ, घाईत मारलेला रंग, जमले नाही म्हणून बुजवलेले भोक, हे सगळे घासून टाकतात. हस्तलिखितातली खाडाखोड काढून टाकणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणू? ऑर्बिट्रॉनची डागडुजी करणाऱ्यांचा मी उपकृत आहे. तोंडच नसलेल्या गाडीला दुसरा इलाज नव्हता. पण जिथे मूळ कातडी शिल्लक आहे तिथे ती तशीच राहू द्यावी. जुन्या मोटारींच्या स्पर्धांत हल्ली 'जशी आहे तशी' राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. तोच विवेक इथेही हवा.

एक आक्षेप मात्र मला खरोखर छळतो. या गाड्या टिकण्यासाठी नव्हत्याच. मालक दर मोसमात रंग बदलत, छत कापत, इंजिन दुसऱ्याला विकत. रॉथलाही तयार गाडीचा मोह नव्हता. नवी बांधायची म्हणून जुनी तो विकून टाकी. मग त्यांना काचेमागे ठेवणे म्हणजे त्यांच्या स्वभावावर अन्याय नव्हे का? आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा. जे बदलत राहिले त्याच्या बदलाची नोंद जपायची. रेखाटने, साचे, हिशेबाच्या वह्या, मदतनिसांच्या मुलाखती, रंग मिसळण्याचे प्रमाण हे सारे जपायचे. लावणी काचेत ठेवता येत नाही म्हणून तिचा फडच मोडू द्यायचा का?

आणि हे होऊ शकते याचा पुरावा आहे. न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावी डेव्हिड हारामियो या तरुणाने १९६९ ची एक फोर्ड गाडी घेतली आणि ती जमिनीलगत सरपटणारी, रंगाने झळाळणारी, आतून मखमली बैठकीची करायला घेतली. बाहेरून गाडी, आतून घरचा दिवाणखाना, असा या 'लोरायडर' परंपरेचा थाट असतो. सुतारकाम, गादीकाम आणि चित्रकला तिथे एकत्र नांदतात. १९७८ मध्ये तो अपघातात गेला आणि गाडी अपुरी राहिली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने पुढे ती आपल्या राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहालयात घेतली, आणि ती पुरी केली त्याच्या घरच्यांनी व तिथल्याच कारागिरांनी. तिचे नाव 'डेव्हज ड्रीम'. संग्रहालयाने वस्तू घेतली तेव्हा तिच्यामागचे हातही बोलावले. मला जतन म्हणायचे आहे ते हे.

शेवटी एक कबुली. ही माणसे संत नव्हती. रॉथने साठच्या दशकात जर्मन पद्धतीचे लोखंडी क्रूस आणि शिरस्त्राणे खेळण्यासारखी विकली; व्हॉन डचचे वंशद्वेष्टे विचार त्याच्या पत्रातून उघड झाले आहेत. जपायचे म्हणजे पूजा बांधायची नव्हे. उलट संग्रह नीट असेल तरच हे डागही दिसतील; टोपीवरच्या नावात ते दिसत नाहीत.

रॉथ २००१ मध्ये वारला, बॅरिस २०१५ मध्ये. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. गाडी मेक्सिकोत कित्येक वर्षे वाट पाहू शकते. प्लास्टर किती ओले असताना काचकापड चढवायचे हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस वाट पाहू शकत नाही. माझ्या सहकाऱ्यांना भंगारात जपण्याजोगे काही दिसत नसेल तर हरकत नाही. ईम्सच्या खुर्चीवर बसून त्यांनी एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवावा. बोटांना जे काचतंतू लागतील, ते त्याच भंगाराचे सख्खे भाऊ आहेत.