मामाही उशिराच बोलला होता

तीन वर्षांचं मूल दोन शब्दही जोडत नाही म्हणून आई काळजीत पडली, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "मामाही उशिराच बोलला होता. बोलेल की!" मग वेखंड उगाळून जिभेला लावलं जातं. त्यानेही काही झालं नाही, की बोट आईकडे वळतं. नोकरी करते, पोराशी बोलतच नाही. हातात मोबाइल देते. घरात मराठी नि शाळेत इंग्रजी, पोर गोंधळणारच!

हा आळ खोटा आहे. दोन भाषांमुळे भाषाविकार जडत नाही; असलाच तर तो दोन्ही भाषांत दिसतो. आणि आईबद्दल म्हणाल, तर लंडनचं एक कुटुंब बघा. संशोधक त्याला 'केई' या आद्याक्षरांनी ओळखतात. तीन पिढ्यांतल्या सुमारे निम्म्या माणसांना उच्चार आणि वाक्यरचना जड जात होती. त्यांचीच सख्खी भावंडं, त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढलेली, स्वच्छ बोलत. २००१ साली कारण हाती लागलं: सातव्या गुणसूत्रावरच्या 'फॉक्सपी२' या जनुकात एकाच अक्षराचा बदल.

वर्तमानपत्रांनी लगेच 'भाषेचं जनुक सापडलं' म्हणून डांगोरा पिटला. तेही चूकच. हे जनुक उंदरांत आहे, पक्ष्यांतही आहे. ज्या भाषाविकाराने तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघं अडखळतात, तो असलेल्या मुलांत हे जनुक बहुतेक वेळा शाबूत असतं. तिथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार असला, तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता वेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसते, ती त्यामुळेच.

"रक्तातच आहे, तर करणार काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. माझा भाचा पाचव्या वर्षी "ताईने पोळी खाल्ला" म्हणायचा. स्पीच थेरपिस्टने त्याला 'चूक' म्हणून एकदाही टोकलं नाही. ती म्हणायची, "हो, ताईने पोळी खाल्ली. आणि भाकरी कुणी खाल्ली?" भातुकली मांडून हेच ती एका बैठकीत वीस वेळा करायची. काही महिन्यांनी 'खाल्ली' त्याच्या तोंडी बसलं. जनुक होतं तिथेच होतं.

तिच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: कुटुंबात आणखी कुणी उशिरा बोललं का? बहिणीने आमच्या भावाचं नाव लिहिलं. तो चौथ्या वर्षापर्यंत धड बोलत नव्हता. शाळेत 'ढ' ठरला, मागच्या बाकावर गेला. आजही लांबलचक अर्ज समोर आला की बायकोकडे सरकवतो.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे मान्य. पण ज्या घरात आधी कुणी असं अडलेलं आहे, तिथे या भरवशावर बसता येत नाही. तिथे तर दुसऱ्या वर्षीच तपासणी हवी. भाच्याला आम्ही पाचव्या वर्षी नेलं. मधली सगळी वर्षं मामाचा दाखला देत काढली.