दीडशे शब्द लिहू न शकणारा पदवीधर

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा तर २०१२ च्या नियमाप्रमाणे तो एकाच विषयावर असावा लागतो आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. शुल्क दहा रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. एवढी साधी गोष्ट. पण पुण्यात कॅम्प, भवानी पेठ, कोंढवा या भागांतली पदवीधर मुले मी रोज पाहतो. त्यांतल्या बहुतेकांना हा अर्ज लिहिता येत नाही. शिष्यवृत्ती का अडली हे विचारायचे असो, रेशनकार्डावर नाव चढवायचे असो, ते कोणाकडून तरी लिहून घेतात. नेमके काय विचारायचे, कोणाला विचारायचे आणि दीडशे शब्दांत काय ठेवायचे, काय गाळायचे, हे तीन वर्षांत त्यांना कोणी करायलाच लावलेले नसते.

मग ही पदवी कसली?

कागदावर सगळे छान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा काढला. चिकित्सक विचार, संवादकौशल्य, गुंतागुंतीचे प्रश्न सोडवणे, इतरांबरोबर काम करणे, शिकावे कसे ते शिकणे, सहानुभूती हे सगळे गुण पदवीधरात असावेत असे त्यात म्हटले आहे. आपल्या राज्यात नवे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, एईसी, व्हीईसी, एसईसी, ओजेटी अशी आद्याक्षरांची रांग लागली. मुलाला आपण काय शिकतोय हे सांगता येत नाही, पण क्रेडिट किती झाले ते सांगता येते.

माझा आक्षेप यादीवर नाही. आक्षेप असा आहे की कौशल्याचाच विषय करून टाकला. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे तीस तासांची व्याख्याने. त्यावर नोट्स, त्यावर परीक्षा. आज अप्पा बळवंत चौकात जसे इतर विषयांचे गाइड मिळते तसे याचेही मिळणार. 'चिकित्सक विचाराची वैशिष्ट्ये लिहा' असा पाच गुणांचा प्रश्न येणार आणि मूल ती पाच वैशिष्ट्ये घोकून लिहिणार. घोकून लिहिलेल्या चिकित्सक विचाराला काय म्हणावे? पोहणे फळ्यावर शिकवून पाण्यात ढकलण्यातला हा प्रकार. कौशल्य हे विषयाच्या आत असते. इतिहासाच्या मास्तराने दोन परस्परविरोधी साधने समोर ठेवून 'तुला कोणते खरे वाटते आणि का' असे विचारले, तर चिकित्सा तिथेच शिकवून होते. वेगळा पेपर लागत नाही.

दुसरी बाजू आपल्या समाजाची. आपल्याकडे 'स्किल' म्हणजे स्पोकन इंग्लिश आणि एक्सेल. दोन्ही शिकावे, मी स्वतः मुलांना तिकडे पाठवतो. पण त्यावर तालीम संपली असे समजणे म्हणजे आपल्याच वारशाची किंमत न कळणे आहे.

ज्याला आज क्रिटिकल थिंकिंग म्हणतात त्याचा नमुना आपल्या घरात आहे. मुहद्दिसांनी एकेक हदीस घेताना काय विचारले? हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? ते दोघे खरेच भेटले होते का? सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि चारित्र्य कसे? माणसे पारखण्याचे एक अख्खे शास्त्र, इल्म-उर-रिजाल, त्यातून उभे राहिले. आणि आज त्याच उम्मतीचा पदवीधर व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर दोन सेकंदांत वीस ग्रुपवर पाठवतो. कोणी लिहिला, कधी लिहिला, काही विचारत नाही. या अफवांनी दंगली पेटतात आणि त्यात जळणारी घरे बहुधा गरिबांची असतात.

मतभेदाचे तेच. इमाम अबू हनीफांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी कितीतरी मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले. म्हणून कोणी त्यांना हनफी मसलकाबाहेर काढले नाही. आज आपल्या वर्गात विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की शिक्षकाला अपमान वाटतो आणि मोहल्ल्यात वेगळे मत मांडले की लोक सलाम घेत नाहीत. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचे आणि मग खोडायचे, ही सवय पदवीआधी लागली नाही तर पुढे लागणे कठीण.

हिशेबाचेही तसेच. अल-ख्वारिझ्मीच्या ज्या ग्रंथावरून बीजगणिताला अल्जेब्रा हे नाव मिळाले, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे. गणित त्याने घरच्या प्रश्नासाठी वापरले. आमचा कला शाखेचा पदवीधर 'मला गणित येत नाही' हे अभिमानाने सांगतो आणि मोबाइलच्या हप्त्यात एकूण किती पैसे गेले हे त्याला कळत नाही. बहिणीचा वाटा किती हे तर कोणी काढूच देत नाही.

आता भाषा. उर्दू माध्यमातून आलेले मूल महाविद्यालयात इंग्रजीत शिकते, कचेरीत त्याला मराठी लागते आणि तिन्हींपैकी एकाही भाषेत ते एक पान नीट लिहू शकत नाही. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून सांगतो: उर्दू सोडू नका आणि मराठी परकी मानू नका. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. हमीद दलवाईंशी कोणाचे पटो न पटो, त्यांनी आपले भांडण मराठीत मांडले, म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ऐकावे लागले. स्पर्धा परीक्षा, न्यायालय, पोलीस ठाणे, महापालिका इथे ज्याला स्वतःचे म्हणणे स्वतः लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे दुसरा लिहितो. आणि दुसरा स्वतःच्या सोयीचे लिहितो.

काही जण म्हणतील, 'सर, गरिबाच्या मुलाला आधी नोकरी पाहिजे, हे विचारबिचार पोट भरलेल्यांचे.' मला हे वाक्य सगळ्यात घातक वाटते. श्रीमंताच्या मुलाचा अर्ज त्याचा वकील लिहितो, त्याचा हिशेब सीए पाहतो, त्याची ओळख वडील करून देतात. गरिबाच्या मुलाकडे यातले काहीच नसते. म्हणून या गोष्टींची जास्त गरज त्यालाच आहे. शिवाय एक्सेलची बटणे दर चार वर्षांनी बदलतात. शिकावे कसे हे ज्याला कळले तो नवी बटणे शिकतो, बाकीचे घरी बसतात. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले होते की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविकेपर्यंत पोचलेले चार टक्क्यांहूनही कमी होते. जिथे पदवीधर मूठभर, तिथे एकेक पदवी पोकळ निघणे समाजाला परवडणारे नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने दर सत्रात विद्यार्थ्याकडून वर्गात बसून एक पान स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि लाल शाईने तपासून परत द्यावे. ओजेटीचे चार क्रेडिट म्हणजे एकशेवीस तास. ते ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून भरू नयेत. वॉर्ड ऑफिस, दवाखाना, वाचनालय, बचत गट इथे मुलांना पाठवावे आणि तेही वेगवेगळ्या जातीधर्मांच्या जोड्या करून.

आणि पालकांनो, निकालाच्या दिवशी टक्के विचारून पेढे वाटून मोकळे होऊ नका. मुलाला, मुलीला एक कोरा कागद द्या आणि सांगा, आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिही. लिहिता आला तर पेढे वाटा. नाही आला तर उद्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना विचारा की तीन वर्षे माझ्या लेकराला काय शिकवले. हा प्रश्न विचारायला कुठलीही पदवी लागत नाही.